हाडांची साक्ष आणि लाखेची मोहोर

पेण तालुक्यातील गागोदे खुर्द या गावाच्या शिवारात २३ मे २०१२ रोजी ग्रामस्थांस एक जळालेले, कुजलेले प्रेत आढळले. वार्ता पेणच्या पोलिस ठाण्यास पोहोचली. ठाण्याची माणसे आली, डॉक्टर आले, काही अवशेष काढून ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे धाडण्यात आले आणि उरलेले जागच्या जागी पुरण्यात आले. गागोदे हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही; विनोबांचा जन्म याच परिसरातला. त्या दिवशी तेथील मातीत एका अनाम व्यक्तीच्या जोडीने पोलिसांचे कर्तव्यही पुरले गेले, असे खेदाने म्हणावे लागते. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला नाही. हे कोणाचे शरीर, ते येथे कोणी आणले, ते का जाळले, हे प्रश्न तीन वर्षे कोणी विचारले नाहीत.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या खार पोलिसांनी बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या आरोपावरून एका मोटारचालकास पकडले आणि त्याच्या जबानीतून शीना बोरा हत्याप्रकरण बाहेर पडले. २४ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत शीना यांचा खून झाला, तो त्यांच्या आई इंद्राणी मुखर्जी, आईचे पूर्वीचे पती संजीव खन्ना व हा चालक यांनी केला आणि प्रेत पेणच्या रानात नेऊन जाळले, असा सरकार पक्षाचा आरोप. चालक पुढे माफीचा साक्षीदार झाला. पीटर मुखर्जी यांनाही आरोपी करण्यात आले. २८ ऑगस्ट २०१५ रोजी गागोद्याची ती जागा पुन्हा खणली गेली. निघालेले अवशेष कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले, आणि त्यांतील डीएनए इंद्राणी मुखर्जी यांच्या डीएनएशी आई-अपत्याच्या नात्याने जुळतो, असा निष्कर्ष आला. त्यानंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

सामान्य वाचकास वाटेल की प्रयोगशाळेने मोहोर उठविल्यावर वाद उरला कोठे? वाद उरला, एवढेच नव्हे, तर खटल्याचा मोठा भाग त्याच वादाने व्यापला. २०१२ साली काढलेले अवशेष आणि २०१५ साली खणून काढलेले अवशेष एकाच व्यक्तीचे आहेत काय? मधल्या तीन वर्षांत पहिले अवशेष कोणाच्या ताब्यात होते? ते शीना यांचेच, हे कशावरून? असे प्रश्न बचाव पक्षाने उभे केले. शीना जिवंत आहे, असे तर प्रमुख आरोपी महिलेने अनेकदा म्हटले आहे. आणि या प्रश्नांस जणू सरकार पक्षाकडूनच पुष्टी मिळावी असा प्रकार २०२४ च्या जून महिन्यात घडला. जे. जे. रुग्णालयाच्या ज्या डॉक्टरांनी २०१२ साली हाडे तपासली होती त्यांची साक्ष चालू असता ती हाडे न्यायालयापुढे ठेवण्याची वेळ आली, आणि हाडे सापडत नाहीत असे न्यायालयास सांगण्यात आले. जुलै महिन्यात सांगण्यात आले की ती सापडली. विभागाच्या दिल्लीच्या कार्यालयात होती!

दोषी कोण, हे ठरविण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे, आणि त्या अधिकारात ढवळाढवळ करण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. वृत्तवाहिन्यांनी या कुटुंबाची नाती घराघरांत चघळली, त्या चर्वणातही आम्हांस रस नाही. आमचे लक्ष त्या हाडांकडे आहे. देशातील सर्वांत समर्थ तपासयंत्रणेस एका गाजलेल्या खटल्यातील अस्थींचे गाठोडे आपल्या कोणत्या कपाटात आहे हे महिनाभर सांगता येत नाही, तर आचऱ्याच्या किंवा निवतीच्या ठाण्यातील एकट्या हवालदाराकडून आपण कोणती अपेक्षा करावी?

डीएनए हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. तरी न्यायालयात त्याचा उपयोग कसा होतो, हे थोडे सांगणे अवश्य वाटते. आमच्या देहातील पेशीपेशीत असलेल्या या द्रव्याचा निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा. त्याच्या लांबलचक धाग्यात काही ठरावीक जागी एकच लहानशी अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते, आणि ती किती वेळा येते हे माणसामाणसांत भिन्न असते. अशा वीसएक जागा ताडून पाहिल्या की एकाच बीजापासून जन्मलेली जुळी भावंडे वगळता दोन माणसे सर्व जागी सारखी निघण्याचा संभव जवळजवळ शून्य होतो. आई आणि अपत्य यांच्यात प्रत्येक जागी एक वाटा समान असावा लागतो. दात आणि मांडीचे हाड यांत हे द्रव्य दीर्घकाळ टिकते. आग, पाणी, उष्मा आणि आम्लधर्मी माती ही त्याची वैरी होत. कोकणात या चारांपैकी तीन तरी बारमाही आहेत, आणि चौथी खुनी आपल्याबरोबर घेऊन येतो.

शास्त्र निर्दोष आहे असे क्षणभर गृहीत धरू. तरी ते काय सांगते? ‘हा नमुना अमुक व्यक्तीचा’, इतकेच. तो नमुना तेथे कधी आला, कसा आला, कोणी आणला, याविषयी परीक्षानळी मूक असते. गागोद्याच्या अस्थी कोणत्या मातेच्या कन्येच्या आहेत हे त्या सांगतील. तिचा गळा कोणी दाबला हे सांगणार नाहीत. शिवाय प्रयोगशाळेच्या मेजावर आलेले हाड तेच, जे रानात सापडले, हे सांगणारा शास्त्रज्ञ नसतो. ते सांगतो पंचनामा लिहिणारा फौजदार, त्यावर सही करणारे पंच, पुडक्यावर लाखेची मोहोर उठविणारा शिपाई, आणि मालखान्याच्या वहीत ‘आले’, ‘गेले’ असे लिहिणारा कारकून. या साखळीतील एक कडी निसटली की शास्त्राचे सारे सामर्थ्य व्यर्थ होते.

आम्ही पत्रव्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. एका वार्षिक परीक्षेच्या वेळी एकाच नावाच्या दोन मुलींच्या उत्तरपत्रिकांवरचे बैठक क्रमांक आमच्या हातून अदलाबदल झाले. गुण आम्ही काटेकोर दिले होते, बेरीज दोनदा तपासली होती. पण हुशार मुलगी नापास झाली आणि दुसरी वर्गात दुसरी आली. हुशार मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन शांतपणे कागद मागितले म्हणून चूक उघडकीस आली. आमची तपासणी बिनचूक होती, असे आम्ही त्या गृहस्थांस सांगू शकलो असतो, आणि ते खरेही होते. येथे तर मुलीचे एक वर्ष जाणार होते; खटल्यात माणसाचा गळा जातो.

ही अतिशयोक्ती नव्हे. ठाणे जिल्ह्यात २०१० च्या जून महिन्यात एका सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. या पाशवी कृत्यासाठी एका इसमास सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली, आणि १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई, विक्रम नाथ व संजय करोल यांच्या पीठाने त्यास निर्दोष सोडले. कारण काय? ज्या डीएनए अहवालावर सारी मदार होती त्यातील नमुन्यांची वाटचालच स्पष्ट होईना. आरोपीच्या शरीरातून नमुने कोणी, कसे घेतले याचा नीट उलगडा होईना. ते प्रयोगशाळेकडे जाण्यास विलंब का झाला याचे उत्तर मिळेना. तेवढ्या काळात ते दूषित झाले नसतील याची हमी कोणी देईना. आणखी एक गोष्ट न्यायालयाने नोंदवली, ती आम्हां मराठी जनांस विशेष लागावी. आरोपीस मराठी येत नव्हते, आणि त्याचे निवेदन मराठीत लिहून घेतले गेले; ते त्याच्या भाषेत त्यास वाचून दाखवल्याची नोंद नव्हती. राज्यकारभार मराठीत चालावा म्हणून आम्ही या पानावर आयुष्यभर लिहीत आलो. परंतु ज्यास ती कळत नाही त्याच्या गळ्यात फास अडकविण्यासाठी तिचा असा उपयोग व्हावा, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

हा निकाल वाचून अनेकांचा संताप झाला, आणि तो स्वाभाविकच होता. ‘कागदातल्या उणिवांमुळे नराधम सुटतात’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत ऐकू येते. दिल्लीच्या छावला प्रकरणातही नोव्हेंबर २०२२ मध्ये असेच घडले. तेथील नमुने फेब्रुवारी २०१२ मध्ये घेतल्यावर दहा दिवसांहून अधिक काळ पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि आरोपी सुटले. परंतु या संतापाने योग्य दार ठोठावले पाहिजे. सुटलेला माणूस अपराधी होता असे समजा. तर त्यास सोडविले कोणी? नमुना पडू देणाऱ्याने. तो निरपराध होता असे समजा. तर इतकी वर्षे त्यास कोठडीत ठेवले कोणी? त्यानेच. आणि या दोहोंपैकी सत्य काय हे आता त्या बालिकेच्या मातापित्यांस कधीच कळणार नाही. मुलगी गेली ती गेलीच. तिच्या खुन्याचे नावही हिरावले गेले. न्यायाधीशांनी हिरावले नाही. ते मालखान्यात हरवले.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. जर्मनीसारख्या शिस्तप्रिय राष्ट्रात एका अज्ञात स्त्रीचा डीएनए चाळीसएक गुन्ह्यांच्या जागी सापडला. चोऱ्या, घरफोड्या, खून, आणि २००७ साली हाइलब्रॉन शहरात झालेली एका महिला पोलिसाची हत्यादेखील. तिच्या शोधासाठी मोठे इनाम लावण्यात आले. अखेर २००९ च्या मार्च महिन्यात उलगडा झाला की ती स्त्री कोठे नव्हतीच. नमुने घेण्यासाठी वापरले जाणारे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात भरले जात तेथील एका कामगार बाईचा तो डीएनए होता! प्रयोगशाळेने प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दिले होते, आणि प्रत्येक वेळी पोलिस एका सावलीमागे धावत होते. आपल्याकडे नोएडाच्या आरुषी प्रकरणात हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात दोन उश्यांच्या अभ्र्यांची वर्णने एकमेकांच्या जागी गेली. ती टंकलेखनातील चूक होती असा खुलासा २०११ मध्ये झाला. तोवर अहवालास अडीच वर्षे होत आली होती. खुलासा खरा मानला तरी प्रश्न राहतोच, की इतका काळ ती चूक कोणाच्या डोळ्यांस कशी खुपली नाही?

आणि तरीही आम्ही या शास्त्राचे विरोधक नाही. इंग्लंडातील लेस्टरचे संशोधक ॲलेक जेफ्रिस यांनी १९८४ साली ही पद्धत शोधून काढली, आणि खुनाच्या तपासात तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो एका निरपराध्यास वाचविण्यासाठी. त्या परगण्यात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका तरुणाने पोलिसांपुढे त्यांपैकी एकाची कबुलीही दिली होती. डीएनएने सांगितले, हा तो नव्हे. खरा खुनी १९८८ साली शिक्षा पावला. ज्या देशात पोलिस ठाण्यात कबुली कशी मिळते हे प्रत्येकास ठाऊक आहे, त्या देशाने तर या शास्त्रास देव्हाऱ्यात बसवावे. आमचे म्हणणे एवढेच, की देव्हारा तरी स्वच्छ असावा.

मुंबई-ठाण्याच्या या गोष्टी सिंधुदुर्गाच्या पत्राने पहिल्या पानावर का छापाव्यात, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या भूगोलात आहे. या जिल्ह्याच्या पूर्वेस आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा असे घाट आहेत आणि पश्चिमेस विजयदुर्गापासून रेडीपर्यंत समुद्र. घाटमाथ्यावरचे पाप दरीत लोटायचे आणि समुद्रातले वाळूवर यायचे, हे आमच्या नशिबी आले आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीच्या पोलिस कोठडीत मरण पावलेल्या एका तरुणाचे प्रेत आंबोलीत आणून जाळण्यात आल्याचे उघड झाले, आणि खुनाचा आरोप आला तो खुद्द पोलिसांवर. मृताचे आप्त दाद मागण्यास उभे राहिले म्हणून ते उघड झाले. ज्यांच्यामागे कोणी उभे नसते त्यांचे काय? पावसाळ्यात किनाऱ्यास लागणारे अनोळखी प्रेत बुडालेल्या खलाशाचे, की कोणी मारून फेकलेल्याचे? ‘अकस्मात मृत्यू’ असे लिहून, दोन दिवस वाट पाहून, ते बेवारस म्हणून मातीआड करणे फार सोपे असते. गागोद्यास तसेच झाले. तेथे सापडलेल्या हाडाचा एक तुकडा, एक दात नीट जपून २०१२ मध्येच तपासास गेला असता आणि हरवलेल्या माणसांच्या याद्यांशी ताळा घेतला गेला असता, तर या खटल्यातील निम्मे वाद जन्मासच आले नसते.

नीट जपणे म्हणजे फार मोठे यंत्र लागते असेही नाही. रक्ताने भिजलेले कापड सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असते. ते ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले तर आमच्या दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि पुरावा नष्ट होतो. हाड कोरडे ठेवावे, कोऱ्या हातमोज्यांनी उचलावे, रक्ताची नळी थंडीत ठेवावी. हातमोजे, कागदी पाकिटे आणि चालू स्थितीतील एक शीतपेटी, इतक्यावर भागते. मात्र जुलैच्या वादळात दोन दोन दिवस वीज जाते तेव्हा त्या शीतपेटीचे काय होते, हे मालवणात राहणाऱ्यास निराळे सांगणे नलगे. नमुना कोल्हापुरास जावो, पुण्यास जावो वा कलिन्यास, त्यास प्रथम घाट चढावा लागतो, आणि घाट पावसाळ्यात केव्हा बंद होईल याचा नेम नाही.

कायदेमंडळाने या विषयात काय केले? डीएनएच्या वापरावर स्वतंत्र कायदा करण्याचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे म्हटले खरे. परंतु त्याच्या अंमलासाठी राज्यांस पाच वर्षांपर्यंतची सवलत दिली. तेव्हा हे काम अखेर न्यायासनासच करावे लागले. तमिळनाडूतील एका दुहेरी खुनाच्या खटल्यात १५ जुलै २०२५ रोजी फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीस निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यावर त्याच्या पुडक्यावर गुन्ह्याचा क्रमांक, तपास अधिकारी, डॉक्टर व स्वतंत्र पंच यांच्या नोंदी व सह्या असाव्यात. तो ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेकडे पोहोचावा, विलंब झाल्यास त्याचे कारण लिहावे. खटला चालू असता न्यायालयाच्या परवानगीवाचून पुडके उघडू नये वा पुन्हा मोहोरबंद करू नये. आणि नमुना घेतल्यापासून आरोपीस शिक्षा होईपर्यंत किंवा तो सुटेपर्यंत कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची एक नोंदवही असावी. नमुनापत्रके करून ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविण्याचे काम पोलिस महासंचालकांवर सोपविण्यात आले. वाचकांच्या ध्यानी येईल की यात नवे शास्त्र काहीच नाही. चांगल्या वाण्याच्या दुकानात उधारीची वही याहून काटेकोर असते.

आता आमचे विचारणे जिल्हा पोलिस अधीक्षकांस आहे, आणि ते साधे आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ले, आचरा, निवती, विजयदुर्ग या किनाऱ्याच्या आणि वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या आतल्या बाजूच्या ठाण्यांपैकी किती ठिकाणी ती नोंदवही उघडली गेली? गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात सापडलेल्या अनोळखी प्रेतांपैकी कितींचे नमुने पुरण्याजाळण्यापूर्वी राखून ठेवण्यात आले, आणि ते आज कोठे आहेत? कितींत ४८ तासांची मर्यादा पाळणे घाटामुळे वा वाहनाअभावी अशक्य झाले? अशक्य झाले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. गाडी मागण्यात कमीपणा नाही, आणि ती मागणी मंत्रालयापर्यंत नेण्यास हे पत्र मागे राहणार नाही. पालकमंत्र्यांनीही जिल्हा नियोजनाच्या पुढील बैठकीत रस्ते आणि सुशोभीकरण यांच्या याद्यांत प्रत्येक ठाण्यासाठी एक शीतपेटी आणि तिला विजेचा पर्यायी पुरवठा, एवढी ओळ घालावी.

अधीक्षकांकडून ठाणेनिहाय उत्तर आल्यास ते आम्ही याच पानावर, याच जागी छापू.